ऐकणाऱ्याच्या मनातलं वाक्य

१९७८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गावातले कमावते पुरुष एक तर बोटीवर, नाही तर कुवेतला. गावात राहत त्या बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही पोरं. शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी तर ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागे. मुलगे जात, मुली जात नसत. बहुतेक मुली तर दुसरी-तिसरीतच घरी बसत.

त्या वर्षी माझी मोठी बहीण, आपा, चौथी पास झाली. शाळेतल्या गुरुजींनी मनावर घेतलं होतं की यंदा मुली पाचवीला गेल्याच पाहिजेत. गुरुजी घाटावरचे, तरुण आणि मनाचे सरळ. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात जमातीची बैठक बसली, तेव्हा ते परवानगी घेऊन आले आणि बोलले. फार चांगलं बोलले. सावित्रीबाई फुल्यांची हकिगत सांगितली. एक मुलगी शिकली की सगळं घर शिकतं, असं सांगितलं. इल्म मिळवणं फर्ज आहे, ही हदीससुद्धा त्यांनी पाठ करून आणली होती. लोकांनी माना डोलावल्या, गुरुजींना चहा दिला आणि ठरलं काय, तर पुढच्या वर्षी बघू.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले तांडेलचाचा उठले. जहाजावर तांडेल म्हणून अर्धं आयुष्य काढून ते गावी परतले होते. सही करता येत नसे, अंगठा उठवत. त्यांनी भाषण असं केलंच नाही. प्रश्न विचारले. "कुवेतवरनं पत्र येतं, ते तुमच्या घरात कोण वाचून दाखवतं?" कोणी बोललं नाही. पोस्टमन दाराशी उभा राहून वाचतो आणि बाई पडद्याआडून ऐकते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पाकिटावर इंग्रजीत पत्ता कोण घालतं? बँकेचा ड्राफ्ट येतो, त्यावरचा आकडा तुमच्या बायकोला आधी कळतो, की पलीकडच्या दुकानदाराला?" पुन्हा सगळे गप्प. चाचा म्हणाले, "मुलगे शिकतात आणि बोट धरतात. घरात कोण राहतं? इंग्रजी पाचवीपासून आहे. जूनमध्ये माझी नात तरीत बसणार. आणखी कुणाची येणार असेल, तर मी रोज सोबत जाईन." एवढं बोलून ते खाली बसले.

जूनमध्ये चार मुली तरीत बसल्या. त्यातली एक माझी आपा.

गुरुजी हरले आणि चाचा जिंकले, ते का? गुरुजींचं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांची भाषा चाचांपेक्षा कितीतरी सुंदर होती. हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. पुढे बी.ए. करताना कॉलेजच्या ग्रंथालयात ॲरिस्टॉटलचं एक पुस्तक हाती लागलं. त्याचं काव्यशास्त्र आम्हांला अभ्यासाला होतं, म्हणून शेजारचं वक्तृत्वशास्त्रही घरी नेलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक माणसानं आमच्या तांडेलचाचांच्या भाषणाचा खुलासा करून ठेवलेला होता! त्याच खुलाशाची ही गोष्ट आहे.

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला आधी जीभ आठवते. तोंडात गोटे धरून उच्चार सुधारणारा डेमॉस्थेनिस आपण शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून ऐकत आलेलो असतो. अरबांमध्ये अशीच एक गोष्ट आहे. बसऱ्यातला वासिल इब्न अता हा मोठा विद्वान इ.स. ७४८ मध्ये वारला. त्याला 'र' म्हणता येत नसे. मग त्यानं काय करावं? बोलताना 'र' असलेला शब्दच तो टाळू लागला, आणि एकदा तर सुभेदारासमोर आख्खा खुत्बा त्यानं 'र'शिवाय दिला. नवव्या शतकातल्या अल्-जाहिज या लेखकानं वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात हे कौतुकानं नोंदवलं आहे. ही जिभेची कमाई आहेच. पण मन वळणं ही गोष्ट वेगळी. ती बोलणाऱ्याच्या तोंडात कमी आणि ऐकणाऱ्याच्या मनात जास्त घडते.

दुसऱ्याचं मन वळवायची गरज कोणाला पडते? ज्याच्या हातात हुकूम नाही त्याला. म्हणून या विद्येचा जन्म राजदरबारात झाला नाही. परंपरा असं सांगते की, सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात इ.स.पू. ४६६च्या सुमाराला हुकूमशाही संपली. हुकूमशहांनी लोकांच्या जमिनी बळकावलेल्या होत्या. त्या परत मिळवण्यासाठी लोक कोर्टात उभे राहू लागले. कागदपत्रं धड नव्हती. मग कोणाचं खरं मानायचं? ज्याचं पटेल त्याचं. तेव्हा कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी बाजू कशी मांडायची हे शिकवायला सुरुवात केली. पुरावा नसेल तिथं 'असं घडणं संभवतं का' एवढं दाखवा, हे त्यांचं मुख्य सूत्र. एका किरकोळ माणसावर दांडग्याला मारल्याचा आरोप आला, तर तो म्हणेल, "माझ्याकडे बघा, मी याला मारीन हे संभवतं का?" आणि आरोपी दांडगा असेल तर? तर तो म्हणेल, "पहिला संशय माझ्यावरच येणार हे मला कळत असताना मी मारीन का?" म्हणजे ही सुरी दोन्ही बाजूंनी कापते, हे पहिल्या दिवसापासून लोकांना माहीत होतं.

सिसिलीतून ही विद्या अथेन्सला गेली. तिथं तिला खरं मैदान मिळालं. कोर्टात वकील नसत. ज्याचा दावा त्यानंच बोलायचं. फार तर भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि पाठ करायचं. आणि युद्ध-तहाचा निर्णय नागरिकांची सभा घेई. प्निक्स नावाच्या टेकडीवर हजारो नागरिक बसत आणि हात वर करून मत देत. बायकांना, गुलामांना आणि परक्यांना तिथं जागा नव्हती, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण त्या टेकडीवर जे बसत, त्यांच्यासमोर बोलून शहराची दिशा बदलता येत असे.

याच टेकडीवर इ.स.पू. ४२७ मध्ये जे झालं, ते मला मन वळवण्याच्या साऱ्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं उदाहरण वाटतं. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध चालू होतं. लेस्बॉस बेटावरचं मिटिलीनी हे शहर अथेन्सचं मित्र. त्यानं आदल्या वर्षी बंड केलं. वेढा पडला, शहर उपाशी मरायला लागलं आणि अखेर शरण आलं. आता त्यांचं काय करायचं, हा प्रश्न सभेपुढे होता. सभा संतापलेली होती. ठरलं असं की शहरातला प्रत्येक प्रौढ पुरुष ठार करायचा आणि बायका-मुलांना गुलाम म्हणून विकायचं. त्याच दिवशी हा हुकूम घेऊन एक युद्धनौका निघाली. मिटिलीनीत पाकेस नावाचा सेनापती होता, त्याच्या हाती हुकूम पडला की काम सुरू.

पण मध्ये एक रात्र गेली. सकाळी लोकांना वाटू लागलं की आपण हे काय करून बसलो! अपराध्यांना सोडून आपण आख्खं शहर मारायला निघालो आहोत. मिटिलीनीचे वकील अथेन्समध्येच होते. त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या नागरिकांनी खटपट केली आणि दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. नौका तर निघून गेलेली.

या सभेतली दोन भाषणं थ्युसिडिडीज या इतिहासकारानं लिहून ठेवली आहेत. भाषणं शब्दशः आठवणं अवघड होतं. बोलण्याचा रोख सांभाळून प्रसंगाला जे योग्य ते आपण लिहिलं, असं त्यानं स्वतःच प्रांजळपणे सांगितलं आहे. तेव्हा शब्द त्याचे, पण मुद्दे त्या सभेचे, असं धरून चालू.

आधी क्लिऑन बोलला. कालचा ठराव त्याचाच होता आणि त्या काळात लोकांवर त्याच्याइतकी छाप दुसऱ्या कोणाची नव्हती. त्यानं लोकांना झापलं. लोकशाहीला साम्राज्य चालवता येत नाही हे आज तुम्ही दाखवून दिलंत, असं म्हणाला. भाषणं म्हणजे तुम्हांला तमाशा वाटतो. चांगलं बोलणाऱ्याच्या मागे तुम्ही वाहत जाता, असंही म्हणाला. हे सगळं तो स्वतः उत्तम भाषण करून सांगत होता! त्याचा मुद्दा सोपा होता. त्यांनी अपराध केला, शिक्षा झालीच पाहिजे. दया ही दया करणाऱ्यावर करायची असते, शत्रूवर नाही. आज यांना सोडलंत, तर उद्या प्रत्येक शहर बंड करील.

मग डायोडोटस नावाचा माणूस उठला. याच्याबद्दल इतिहासाला बापाच्या नावापलीकडे जवळजवळ काही ठाऊक नाही. या एका भाषणापुरता तो दिसतो आणि पुन्हा कुठे दिसत नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय बोललो असतो? निरपराध माणसं, लहान मुलं, आया, असंच काहीतरी. कवी माणूस; मी रडवलं असतं. डायोडोटसनं यातलं काहीही केलं नाही. उलट तो म्हणाला, मी दयेसाठी बोलतच नाही. मिटिलीनीचे लोक अपराधी आहेत की नाहीत, हा आजचा प्रश्न नाही, कारण हे कोर्ट नाही. प्रश्न एवढाच की आपला फायदा कशात आहे?

मग त्यानं हिशोब मांडला. माणसं मरणाच्या भीतीनं गुन्हा करायची थांबत नाहीत. बंड करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपलं जमणार. आज बंड केलेलं शहर हरायला लागलं की शरण येतं, दंड भरतं आणि पुढे खंडणी देत राहतं. उद्या शरण आलं तरी मरण आणि लढलं तरी मरण असं झालं, तर कोण शरण येईल? शेवटच्या माणसापर्यंत लढतील. वेढ्याचा खर्च आपल्या डोक्यावर बसेल आणि शेवटी हाती पडेल ते उद्ध्वस्त शहर. आणखी एक. सगळ्या शहरांतली साधी माणसं आज आपल्या बाजूची आहेत. मिटिलीनीतही हत्यारं हातात आल्यावर सामान्य लोकांनीच शहर आपल्या हवाली करायला भाग पाडलं. त्यांनाच मारलंत, तर पुढच्या बंडात तिथले धनिक लोकांना सांगतील, बघा, अथेन्स सगळ्यांना सारखंच मारतं.

हात वर झाले. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. थोडक्या मतांनी डायोडोटसची बाजू जिंकली.

लगेच दुसरी नौका सोडली. पहिलीला सुमारे एक दिवस आणि एक रात्र एवढी आघाडी मिळालेली. समुद्रातून अंतर तीनशे किलोमीटरांहून जास्त. अशा नौकेवर १७० वल्हेकरी असत. मिटिलीनीच्या वकिलांनी त्यांच्यासाठी दारू आणि जवाचं पीठ दिलं आणि वेळेत पोचलात तर मोठं इनाम कबूल केलं. वल्हेकऱ्यांनी दारूत आणि तेलात मळलेलं पीठ वल्हं न सोडता खाल्लं, पाळीपाळीनं झोपले. वारा आडवा आला नाही. आणि पहिली नौका असल्या कामावर निघालेली, तिला घाई नव्हती. तरी ती आधी पोचलीच. पाकेसनं हुकूम वाचला, तो अमलात आणायच्या तयारीला लागला आणि तेवढ्यात दुसरी नौका बंदराला लागली. शहर वाचलं.

खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो. पण मला नेहमी थांबायला होतं ते त्या मतदानापाशी. दयेचा एक शब्द न बोलता डायोडोटसनं हजारो जीव कसे वाचवले?

या प्रसंगानंतर ४३ वर्षांनी, इ.स.पू. ३८४ मध्ये, ॲरिस्टॉटल जन्मला. बोलणं लोकांना का पटतं, याची त्यानं शांतपणे तपासणी केली आणि तीन गोष्टी सांगितल्या. आज जगभर वक्तृत्वाच्या वर्गात याच तीन शिकवतात.

पहिली 'एथोस', म्हणजे वक्त्याचं शील. ऐकणारा आधी माणूस जोखतो आणि मग मुद्दा. तो तीन गोष्टी बघतो: याला कळतं का, हा सरळ आहे का आणि हा आपलं भलं चिंतणारा आहे का. यातलं एक जरी कमी पडलं, तरी बोलणं वाया जातं. ॲरिस्टॉटल म्हणतो की हा विश्वास वक्त्याच्या बोलण्यातूनच निर्माण व्हायला हवा, नुसत्या नावलौकिकातून नाही. आमचे गुरुजी सरळ होते, जाणते होते. पण दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली होणार होती. त्यांची मुलगी तरीत बसणार नव्हती. चाचांनी आपली नात आधी बसवली. डायोडोटसचंही तसंच. मी तुमच्या फायद्याचंच बोलतो आहे, हे त्यानं आधी पटवलं.

दुसरी 'पॅथोस', म्हणजे ऐकणाऱ्याची भावना. रागावलेला माणूस आणि शांत माणूस एकाच गोष्टीचा एकसारखा निवाडा करीत नाहीत. म्हणून ॲरिस्टॉटलनं राग, भीती, कीव, लाज अशा एकेका भावनेची तपासणी केली. ती कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाविषयी येते आणि कशामुळे येते? आपल्याला वाटतं की भावनेला हात घालणं म्हणजे भावना भडकवणं. डायोडोटसनं ती उतरवली. सभा कालच्या रागातून पुरती बाहेर आली नव्हती. तिच्यापुढे त्यानं हिशोबाची वही उघडली. वही वाचताना माणसाचा राग टिकत नाही.

तिसरी 'लोगोस', म्हणजे युक्तिवाद. आणि इथंच माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. तर्कशास्त्रात आपण सगळी विधानं मांडतो. सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. सभेत कोणी असं बोलायला लागला तर लोक उठून जातील. सभेत वक्ता एखादं विधान गाळतो आणि ते ऐकणारा मनात भरतो. ॲरिस्टॉटलनं दाखला दिला आहे तो डोरिअस नावाच्या मल्लाचा. डोरिअसला मुकुट मिळाला हे सांगायला, तो ऑलिंपिकमध्ये जिंकला एवढं म्हटलं की पुरे. तिथं बक्षीस म्हणून मुकुट देतात हे सांगायची गरज नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. अशा युक्तिवादाला त्यानं 'एन्थिमीम' म्हटलं आणि मन वळवण्याचा हाच गाभा मानला. कारण उघड आहे. जे वाक्य मी स्वतः मनात भरलं, ते मला माझंच वाटतं. माझ्याच वाक्याशी मी वाद कसा घालणार?

आता चाचांचे प्रश्न पुन्हा ऐका. "पत्र कोण वाचतं? ड्राफ्टचा आकडा आधी कोणाला कळतो?" घरातली गोष्ट परक्याच्या तोंडी जाऊ नये, हे वाक्य ते बोललेच नाहीत. ते त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्याच वाक्यासाठी तर मुली घरात बसवलेल्या होत्या! चाचांनी फक्त दाखवलं की हे वाक्य सांभाळायचं असेल, तर मुलींना शाळेत घालावं लागेल. गुरुजींनी आपल्या मनातली वाक्यं आणून त्यांच्यासमोर ठेवली होती. ती चांगली होती, पण पाहुणी होती.

ॲरिस्टॉटलचा हा ग्रंथ पुढे अरबी भाषेत गेला. अरबीत वक्तृत्वाला 'खताबा' म्हणतात. आपल्याकडचे खुत्बा आणि खतीब हे शब्द त्याच धातूचे. इ.स. ९५० मध्ये वारलेला अल्-फाराबी, त्यानंतर इब्न सिना आणि ११९८ मध्ये वारलेला कुर्तुब्याचा इब्न रश्द यांनी या ग्रंथावर लिहिलं. या मंडळींनी एन्थिमीमला अरबी शब्द कोणता वापरला असेल? 'जमीर'. मूळ अर्थ लपलेलं, आत दडलेलं. युक्तिवादातलं एक विधान दडलेलं असतं म्हणून जमीर. हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. कारण आमच्या घरात, उर्दूत, हिंदी सिनेमात, जमीर म्हणजे सदसद्‌विवेक. आतला आवाज. एकाच मुळातून आलेल्या या दोन अर्थांना मी तरी आता वेगळं करू शकत नाही. ज्याला मन वळवायचं आहे, त्याला ऐकणाऱ्याच्या आतलं ते दडलेलं वाक्य शोधावं लागतं.

पण आत दडलेलं प्रत्येक वाक्य चांगलंच असतं असं थोडंच आहे! क्लिऑननंही एका दडलेल्या वाक्यालाच हात घातला होता: लोक आपल्याला भितात म्हणून आपण टिकून आहोत. तेही अथेन्सच्या मनातलंच वाक्य होतं. प्लेटोचा वक्तृत्वावर राग होता तो याचसाठी. त्याच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की वैद्य आणि आचारी यांचा खटला लहान मुलांच्या पंचांपुढे चालवला, तर आचारीच जिंकणार. वैद्य कडू औषध देतो, आचारी गोड खायला घालतो. हा गॉर्जियस खराखुरा माणूस. तो सिसिलीहून वकील म्हणून अथेन्सला आला तेही इ.स.पू. ४२७ मध्येच, आणि त्याच्या बोलण्यानं शहर थक्क झालं होतं. प्लेटोच्या संवादात तो सांगतो की माझा भाऊ वैद्य आहे. रोगी औषध घ्यायला तयार नसला की मी जाऊन त्याचं मन वळवतो. म्हणजे आचाऱ्याची कला वैद्याच्याही कामी येऊ शकते. कोणाच्या कामी आणायची, हे मात्र ती कला सांगत नाही.

आणि मिटिलीनीची गोष्टही मी जिथं थांबवली तिथं संपत नाही. शहर वाचलं, पण बंडाचे म्होरके म्हणून अथेन्सला आणलेले हजाराहून थोडे जास्त लोक क्लिऑनच्याच सूचनेवरून ठार झाले, असं थ्युसिडिडीज सांगतो. मिटिलीनीची तटबंदी पाडली, गलबतं घेतली आणि बेटावरची बरीचशी जमीन अथेन्सच्या लोकांना वाटली. शिवाय अकरा वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, अथेन्सनं मेलॉस नावाच्या छोट्या बेटाला वेढा घातला. मेलॉसच्या लोकांनी न्यायाची भाषा केली, अथेन्सच्या वकिलांनी बळाची. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेलॉस शरण आलं. हाती लागलेले सगळे प्रौढ पुरुष मारले, बायका-मुलांना विकलं. या वेळी दुसरी नौका निघाली नाही.

ही गोष्ट मला अस्वस्थ करते. डायोडोटसनं फायद्याचा हिशोब मांडून शहर वाचवलं, पण त्यामुळे सभेनं काय मनात साठवलं? माणसं मारू नयेत हे नाही. माणसं मारणं परवडत नाही, एवढंच. मग ज्या दिवशी परवडेल, त्या दिवशी काय? मला उत्तर ठाऊक नाही. डायोडोटस दया मागत बसला असता, तर बहुधा त्याच दिवशी मिटिलीनी संपली असती, हेही तितकंच खरं. आणि लोकांना पुन्हा सभेला बसवलं ते हिशोबानं नाही, त्या रात्रीच्या पश्चात्तापानं, हेही विसरून चालणार नाही.

हे सगळं मी एकदा आपाला सांगितलं. ती आता साठीच्या जवळ आहे. मॅट्रिक झाली, गावातल्या कितीतरी घरांची पत्रं तिनं वाचली, पाकिटांवर पत्ते घातले, बायकांना बँकेचे फॉर्म भरायला शिकवले. मला वाटलं, चाचांचं हे कौतुक तिला आवडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चाचांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या बैठकीत मला शाळेत घातलं ते तुमच्या पत्रासाठी. हिला शिकायचंय म्हणून शिकू द्या, असं एक तरी माणूस म्हणाला का?"

मी म्हणालो, "गुरुजी म्हणाले होते."

"हां," ती म्हणाली, "आणि त्यांना तुम्ही चहा पाजून परत पाठवलं."

यावर मला बोलता आलं नाही. खरं तर ॲरिस्टॉटलपाशी याला थोडं उत्तर आहे. तो म्हणतो की भाषणात वक्ता, विषय आणि श्रोता असे तिघे असतात आणि भाषणाचा रोख श्रोत्यावरून ठरतो. चाचांचे श्रोते अंगणात बसलेले पुरुष होते. आपा तिथं नव्हतीच. दहा वर्षांची पोर, तीही मुलगी, तिला त्या अंगणात कोण बसू देणार? प्निक्सच्या टेकडीवर मिटिलीनीच्या बायका कुठे होत्या? ज्यांच्या आयुष्याचा निर्णय चाललेला असतो, ते बहुतेक वेळा सभेत नसतातच. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्याला समोर बसलेल्यांच्या मनातलं वाक्य शोधावं लागतं, आणि ते काम होतं तेव्हाही काहीतरी बोलायचं राहून जातं. ते राहिलेलं पुढे कोणीतरी बोलावं लागतं. गुरुजींचं भाषण वाया गेलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. पण १९७८ साली आपानं ते भिंतीआडून ऐकलं होतं. तिला ते अजून पाठ आहे.

एक प्रसंग मात्र मला लख्ख आठवतो. आपा पाचवीत गेली त्या वर्षी पावसाळा संपता संपता अब्बांचं कुवेतहून पत्र आलं. पोस्टमननं नेहमीप्रमाणे पाकीट फोडायला हात पुढे केला. आपानं ते त्याच्या हातातून घेतलं, अम्मीला आतल्या खोलीत नेलं आणि मी मागोमाग जाऊ लागलो तर मलाही बाहेर काढलं. दार लागलं. आत बराच वेळ हळू आवाजात वाचन चाललं होतं. मध्येच अम्मी हसली. पत्र ऐकताना ती हसलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)